इएफ पन्नासवर आला, आता गोळ्या बंद करायच्या का? आणि कमजोर हार्टला हार्ट हळू करणारी गोळी कशी काय?

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. चोपडा तालुक्यातले एक भाऊ विचारतायत. त्यांचे दादा, वय ४१, केळीची शेती. मागच्या वर्षी दम लागायला लागला, रात्री आडवं होता येईना, पाय सुजले. जळगावला इको केला तर इएफ २५ टक्के, अँजिओग्राफी केली तर नळ्या एकदम स्वच्छ, आणि फाईलवर लिहून आलं डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदय फुगून त्याचा स्नायू कमजोर होण्याचा आजार. चार-पाच गोळ्या सुरू झाल्या आणि वर्षभरानं परत इको केला तर इएफ ५०. आता दादा ट्रॅक्टर चालवतात, घड उतरवायला स्वतः उभे राहतात. घरात वाद असा की पाहुणे मंडळी म्हणतात माणूस बरा झाला तर जन्मभर गोळ्या कशाला, आणि गावातल्या मेडिकलवाल्यानं पट्टी बघून सांगितलं की अरे ही तर बीपीची गोळी, हार्ट स्लो करते, ज्याचं हार्टच कमजोर त्याला ही कोणी दिली. त्यात सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस ही गोळी घेऊन दादांना जास्तच गळून गेल्यासारखं व्हायचं, त्यामुळे घरच्यांचा संशय पक्का झालाय.

तर भाऊ, बंद करू नका. का ते नीट सांगतो, कारण नुसतं "डॉक्टरनं सांगितलं म्हणून" या जोरावर कोणी जन्मभर गोळी घेत नाही, आणि घ्यावी अशी माझीही अपेक्षा नाही. मी बरीच वर्षं जळगाव-धुळे पट्ट्यात हार्ट फेल्युअरचे, म्हणजे ज्यांच्या हृदयाला पुरेसं रक्त पुढे ढकलता येत नाही असे पेशंट बघतोय, आणि "बरं वाटतंय म्हणून बंद केली" हे वाक्य सहा महिन्यांनी सुजलेल्या पायांसकट परत येताना खूप वेळा बघितलंय.

इएफचा घोळ आधी मिटवू. डावा कप्पा रक्तानं भरला की त्यातलं जितकं रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं त्याची टक्केवारी म्हणजे इएफ. धडधाकट माणसाचाही तो साधारण ५५ ते ७० असतो, शंभर कोणाचाच नसतो. लोक ५० ऐकून "अर्धंच हार्ट चालू आहे" म्हणून घाबरतात तसं काही नाही, दादांचा आकडा नॉर्मलच्या उंबऱ्यावर आलाय आणि ही खरंच आनंदाची गोष्ट आहे. पण इको बघणारा माणूस बदलला, मशीन बदललं तर पाच-सात टक्के इकडेतिकडे सहज होतात. त्यामुळे उद्या कोणी ४५ लिहिलं तर लगेच रडायचं नाही आणि ५५ लिहिलं तर लगेच पेढे वाटायचे नाहीत.

आता मेडिकलवाल्याचा मुद्दा. त्याला हसू नका, कारण १९७०च्या सुमाराला जगातल्या कुठल्याही मोठ्या डॉक्टरला विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. हार्ट हळू करणारी ही गोळी म्हणजे बीटा ब्लॉकर. बीटा ब्लॉकर ही औषधं जेम्स ब्लॅकनं छातीतल्या दुखण्यासाठी, म्हणजे अँजायनासाठी शोधली (त्याला पुढे १९८८ला नोबेल मिळालं), आणि त्यांच्या माहितीपत्रकात स्पष्ट असायचं की हार्ट फेल्युअरमध्ये देऊ नये. तर्क सरळ होता. स्नायू कमजोर झालाय, शरीर अॅड्रेनलिनच्या जोरावर त्याच्याकडून कसंबसं काम करून घेतंय, तुम्ही तो जोरच काढून घेतला तर माणूस बसेल. त्या काळात उपचार म्हणजे डिजिटॅलिस (हार्टला जोर देणारं जुनं औषध), लघवीच्या गोळ्या आणि आराम, आणि डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हटलं की नातेवाईकांना बाजूला घेऊन बोलायचं.

हे उलटं फिरवलं स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टीन नावाच्या डॉक्टरनं. साहलग्रेन्स्का हॉस्पिटलमध्ये तो आणि त्याचा सहकारी हियाल्मार्सन हार्ट अटॅकच्या पेशंटवर बीटा ब्लॉकर वापरत होते. कार्डिओमायोपॅथीचे जे पेशंट समोर येत त्यांच्यात एक गोष्ट सारखी दिसायची, माणूस कॉटवर निवांत पडलेला आणि तरी नाडी शंभरच्या पुढे. बाकीचे म्हणत होते ही नाडी म्हणजे बिचाऱ्या हृदयाची धडपड आहे, तिला हात लावू नका. वागस्टीनला वाटलं की ही धडपडच त्याला खातेय. मग त्यांनी अगदी मोजके पेशंट घेतले, सगळे आजार खूप पुढे गेलेले, बसल्या जागी नाडी पळणारे, डिजिटॅलिस आणि लघवीच्या गोळ्या आधीच चालू असलेले. त्यांना अल्प्रेनोलॉल किंवा प्रॅक्टोलॉल हे बीटा ब्लॉकर सुरू केले, कोणाला दोन महिने, कोणाला वर्षभर. १९७५ला ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये पेपर आला, पेशंट किती, तर फक्त सात. सातच. पण त्यांची तब्येत सुधारली होती, चालण्याची ताकद वाढली होती, काहींच्या फुगलेल्या हृदयाचा आकार कमी झाला होता.

सात पेशंटच्या पेपरवर कोण विश्वास ठेवणार? नाहीच ठेवला, आणि खरं सांगायचं तर ठेवू पण नये, तुलनेला दुसरा गट नव्हता. शिवाय प्रॅक्टोलॉल पुढे डोळ्यांवर आणि पोटाच्या आतल्या आवरणावर वाईट परिणाम करतं म्हणून बाजारातून गेलं ते वेगळंच. १९७९ला त्याच ग्रुपच्या स्वेडबर्गनं लॅन्सेटमध्ये दाखवलं की बीटा ब्लॉकरवरचे पेशंट जास्त जगतायत, पण तुलना जुन्या पेशंटच्या नोंदींशी होती, त्यामुळे टीका झालीच. इंग्लंड-अमेरिकेतली मंडळी बराच काळ नाक मुरडून होती.

त्या मधल्या काळात बाकीचं जग नेमकं उलट्या वाटेनं चाललं होतं, हार्टला जोर देणारी औषधं शोधत होतं. मिलरिनोन हे त्यातलं गाजलेलं. पेशंटला ते घेतल्यावर बरं वाटेल, हार्ट जोरात आकुंचन पावेल, सगळे खूश होतील अशी कल्पना होती. १९९१ला हजारावर पेशंटच्या ट्रायलचा निकाल आला तर मिलरिनोन तोंडानं घेणाऱ्यांत मृत्यू २८ टक्के जास्त. थकलेल्या बैलाला पराणी टोचली तर तो चार पावलं नक्की चालतो, पण मग मधल्या बांधावरच बसतो, तसं झालं. तेव्हा कुठे लोकांनी गोथेनबर्गच्या त्या जुन्या पेपरकडे मान वळवून बघितलं.

आत काय चालतं ते एवढं समजून घ्या. स्नायू कमजोर झाला, रक्त कमी पुढे जातंय, मेंदूला वाटतं रक्तस्राव झालाय की काय, तो अॅड्रेनलिन-नॉरअॅड्रेनलिन सोडायला लावतो आणि किडनी मीठ-पाणी धरून ठेवते. दोन-चार दिवसांसाठी ही सोय उत्तम, जखम झालेल्या माणसाला ती वाचवते. पण महिनोन्महिने चालू राहिली तर स्नायूच्या पेशी विषारी मात्रेत अॅड्रेनलिन झेलत राहतात, काही मरतात, उरलेल्या कॅल्शियम नीट सांभाळू शकत नाहीत, ठोके बेताल होतात. १९८२ला अमेरिकेतल्या ब्रिस्टोनं फेल झालेली हृदयं तपासली तर त्यांच्यावरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे या भडिमाराचा निरोप ऐकणारे पेशींचे कान, साधारण निम्म्यावर आले होते, म्हणजे पेशी स्वतःच कान बंद करून घेत होत्या. १९८४ला तिथल्याच कोन नावाच्या डॉक्टरनं दाखवलं की रक्तात नॉरअॅड्रेनलिन जितकं जास्त तितकं पेशंटचं भविष्य वाईट. बीटा ब्लॉकर पेशीला या भडिमारापासून आडोसा देतो, आणि त्या आडोशात काही महिन्यांत स्नायू स्वतःला दुरुस्त करायला लागतो. महिन्यांत म्हणतोय, दिवसांत नाही, हे लक्षात घ्या, पुढे कामाला येईल.

वागस्टीननं हार मानली नाही. १९९३ला त्यांची एमडीसी नावाची ट्रायल आली, ३८३ पेशंट, सगळे डायलेटेड कार्डिओमायोपॅथीचे, इएफ ४०च्या खाली, म्हणजे तुमच्या दादांच्याच जातकुळीचे. निम्म्यांना मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच, आत औषध नसलेली गोळी. सुरुवात ५ मिलिग्रॅमपासून, आणि हळूहळू १०० ते १५० मिलिग्रॅमपर्यंत चढवलं. निकाल मजेशीर होता. मृत्यूत फरक नाही पडला, पण तब्येत इतकी ढासळली की हार्ट ट्रान्सप्लांटची गरज पडली असे नुसत्या गोळीच्या गटात १९ आणि मेटोप्रोलॉलच्या गटात फक्त २. इएफही मेटोप्रोलॉलवाल्यांचा जास्त चढला. मृत्यूचं उत्तर मिळायला १९९९ उजाडलं. मेरिट-एचएफ ट्रायलमध्ये ३९९१ पेशंट होते आणि मेटोप्रोलॉल सक्सिनेट घेणाऱ्यांत मृत्यू ३४ टक्के कमी, इतका स्पष्ट फरक की ट्रायल वेळेआधी थांबवली. त्याच वर्षी बायसोप्रोलॉल या दुसऱ्या बीटा ब्लॉकरचा निकाल जवळपास तसाच आला, आणि कार्व्हेडिलॉल या तिसऱ्याचे तर त्याच्या आगेमागे आलेच. सात पेशंटपासून इथपर्यंत चोवीस वर्षं. तुमच्या मेडिकलवाल्याकडे जी माहिती आहे ती या चोवीस वर्षांच्या आधीची आहे, एवढंच.

आता पाहुण्यांचा प्रश्न, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. बरं झाल्यावर बंद केली तर काय होतं? हेही गोथेनबर्गवाल्यांनीच आधी बघितलं. १९८९चा वागस्टीनचा पेपर आहे, मेटोप्रोलॉलवर सुधारलेल्या पेशंटमध्ये ते थांबवून पाहिलं. बहुतेकांची तब्येत परत घसरली, काही दगावले, आणि ज्यांना परत सुरू केलं त्यांचा इएफ परत वर चढायला लागला. आज कुठलीही एथिक्स कमिटी असा प्रयोग सहज मंजूर करणार नाही, पण त्यातून कळलं ते कायमचं कळलं.

तरी लोक म्हणायचे, त्यातले बरेचसे अर्धवटच सुधारलेले होते, पूर्ण बऱ्या झालेल्यांचं काय? त्याचं उत्तर लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन हॉस्पिटलच्या हॅलिडे आणि मंडळींनी २०१८ला दिलं, ट्रायलचं नाव ट्रेड-एचएफ. ५१ पेशंट, सगळे एकेकाळी डायलेटेड कार्डिओमायोपॅथीवाले, आता काही त्रास नाही, इएफ ५०च्या वर, हृदयाचा आकार नॉर्मल, रक्तातली टेस्टही नॉर्मल. म्हणजे आपल्या भाषेत "एकदम फर्स्ट क्लास". निम्म्यांच्या गोळ्या टप्प्याटप्प्यानं, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर बंद केल्या. सहा महिन्यांत त्यातल्या ४४ टक्के लोकांचा आजार परत आला. ज्यांनी गोळ्या चालू ठेवल्या त्यांच्यात त्या सहा महिन्यांत एकाचाही नाही. आणि कोणाचा परत येणार हे आधी ओळखता येईल अशी भरवशाची खूण त्यांनाही सापडली नाही.

म्हणून दादांचा आजार बरा झाला असं मी म्हणणार नाही, तो गोळ्यांखाली शांत आहे असं म्हणेन. पाहुण्यांना हा ४४चा आकडा सांगा. ते म्हणतील मग ५६ टक्के तर बरे राहिले ना! राहिले, सहा महिने राहिले. ही पैज लावायची का ते दादांनी ठरवावं, मी माझ्या भावाला लावू देणार नाही.

काही कमी होऊच शकत नाही का? होतं की. पाय सुजत नाहीत, वजन स्थिर आहे, तर लघवीची गोळी, लॅसिक्स किंवा टॉर्सेमाइड, ती बहुतेक वेळा कमी करता येते, कधीकधी पूर्ण सुटते. ती आजार बदलत नाही, फक्त पाणी काढते. बाकीच्या गोळ्या, म्हणजे बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन किंवा रॅमिप्रिलसारखी गोळी, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन, या चौघींना हात लावायचा नाही. पैशांचा विषय असेल तर मोकळेपणानं डॉक्टरांशी बोला, डॅपाग्लिफ्लोझिन आणि सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन दोन्हींच्या पेटंटची मुदत संपल्यापासून त्यांचे भाव बरेच उतरलेत, पूर्वी महागात पडली म्हणून सोडली असेल तर परत विचारा. काही पेशंटचं कारण वेगळं असतं, बाळंतपणाच्या आसपास झालेला आजार, थायरॉइड, सतत पळणारा बेताल ठोका, दारू. त्यांच्यात कारण गेलं की गोळ्यांचा विचार वेगळा होऊ शकतो, पण तोही डॉक्टरनं इको समोर ठेवून करायचा, ओट्यावर बसून नाही. दादा घेत असतील तर दारू मात्र पूर्ण बंद. सातपुड्याच्या पायथ्याला "मोहाची चालते, ती औषधी आहे" असं सांगणारे भेटतात, स्नायूला मोहाची आणि दुकानातली यात फरक कळत नाही.

सुरुवातीला गळून गेल्यासारखं का झालं, तेही लिहितो. गोळी पहिल्या दिवसापासून हार्ट हळू करते आणि फायदा द्यायला दोन-तीन महिने घेते, मधला हा काळ त्रासाचा. म्हणूनच कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅमपासून दिवसातून दोनदा सुरू करतात आणि दर दोन आठवड्यांनी दुप्पट करत २५ पर्यंत नेतात, मेटोप्रोलॉल सक्सिनेट साडेबारा किंवा २५ पासून २०० पर्यंत, बायसोप्रोलॉल सव्वापासून १० पर्यंत. आणि फुप्फुसात पाणी असताना सुरू करत नाहीत, आधी पाणी काढतात. बरेच पेशंट पहिल्याच पायरीवर वर्षानुवर्षं अडकलेले दिसतात, कारण पेशंटला बरं वाटतंय म्हणून कोणी डोस चढवतच नाही. दादांचा डोस किती ते मला कळवलेलं नाही, पण पुढच्या व्हिजिटला "डोस अजून वाढवायचा आहे का" हा प्रश्न स्वतःहून विचारा.

पट्टी हातात घ्या आणि नाव वाचा. मेटोप्रोलॉल असेल तर पुढे सक्सिनेट लिहिलंय की टार्ट्रेट ते बघा. मेरिट-एचएफमध्ये वापरलं ते सक्सिनेट, हळूहळू सुटणारं. "तेच आहे, कंपनी वेगळी" म्हणून दुसरी पट्टी मिळाली तर हा शब्द तपासल्याशिवाय घेऊ नका, आणि सक्सिनेटची गोळी चावून किंवा कुटून खायची नाही. अॅटेनोलॉल बदली म्हणून चालणार नाही, तीही बीटा ब्लॉकरच, पण हार्ट फेल्युअरमध्ये ज्यांनी स्वतःला सिद्ध केलंय त्या यादीत ती नाही.

आपल्या भागाचं म्हणून दोन-तीन गोष्टी. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो, दादा शेतात उभे, घाम धो धो, वर लघवीची गोळी आणि डॅपाग्लिफ्लोझिन. उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी येत असेल, वजन दोन-तीन किलोनं उतरलं असेल तर ते "गरमीचं" म्हणून सोडू नका, फोन करा, उन्हाळ्यात लघवीच्या गोळीचा डोस बहुतेक वेळा बदलावा लागतो. जुलाब-उलट्या लागल्या तरी तसंच. उलट तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं तर तो पाण्याचा निरोप आहे, दम लागायची वाट बघू नका. आमच्याकडे एक आजी येतात, आल्या की पहिलं वाक्य "डॉक्टर, माले दम लागस", आणि कुठल्या लग्नात पापड-कुरडया आणि तिखटजाळ शेवभाजी झाली ते मग हळूच निघतं. शेवेतलं मीठ, रश्श्यातलं मीठ आणि वर लोणचं, एका ताटात दिवसभराचं मीठ संपतं. कळण्याची भाकरी, भरीत खुशाल खा, मीठ हात राखून.

केळी उत्पादकाला केळी खाऊ का हे विचारावं लागतं ही आपल्याकडची गंमत. केळ्यात पोटॅशियम असतं, मध्यम आकाराच्या एकात साधारण ४०० मिलिग्रॅम, आणि स्पायरोनोलॅक्टोन व सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन दोन्ही पोटॅशियम वाढवतात. किडनी चांगली आणि रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५च्या खाली असेल तर रोज एखादं केळं खायला हरकत नाही. खरा धोका त्या "लो सोडियम" मिठाच्या पुडीत आहे, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असतं. ब्लडप्रेशरला चांगलं म्हणून घरातलं कोणी कौतुकानं आणतं आणि इकडे पोटॅशियम साडेसहावर जातं, ठोका थांबू शकतो. ती पुडी घरातून काढाच. आणि कंबर धरली की डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेण्याची शेतकऱ्यांची जी सवय आहे ती दादांनी सोडायची, त्या गोळ्या पाणी धरून ठेवतात आणि किडनीला त्रास देतात. दुखलं तर पॅरासिटामॉल.

शेवटी तुमच्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत तरी. डायलेटेड कार्डिओमायोपॅथीतला बराच मोठा भाग घराण्यातून येतो. टायटिन नावाच्या स्नायूतल्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड हे त्यातलं सगळ्यात जास्त सापडणारं कारण, २०१२च्या एका मोठ्या अभ्यासात घराण्यात चालत आलेल्या केसेसपैकी साधारण चौथ्या भागात ते सापडलं होतं. आधी आठवा, घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का, "दम लागून गेले" असं कोणाबद्दल सांगतात का. असो वा नसो, तुमचा, बाकीच्या सख्ख्या भावंडांचा आणि दादांच्या मुलांचा एकदा ईसीजी आणि इको करून घ्या, नॉर्मल आला तरी मुलांचा दर दोन-तीन वर्षांनी परत. आणि जाताना दादांची फाईल बरोबर न्या, विशेषतः तो पहिला २५ टक्केवाला इको, कारण बऱ्याच घरांत बरं वाटल्यावर तोच कागद सगळ्यात आधी हरवतो.